वर्गणीचं शहर

मे महिन्याच्या सुट्टीत ज्यांनी ‘व्यापार’ खेळलाय त्यांना पटावरचं ‘कम्युनिटी चेस्ट’चं घर आठवत असेल. सोंगटी तिथे पडली की कधी पैसे मिळायचे, कधी गुमान भरावे लागायचे. मुंबई, मद्रास, कलकत्ता विकत घेता घेता हे नाव मध्येच कुठून आलं, असा प्रश्न त्या वयात कुणाला पडत नाही. ते आलं अमेरिकेतल्या ‘मोनोपॉली’तून. १९३५ मध्ये तो खेळ मोठ्या कंपनीमार्फत बाजारात आला, तेव्हा अमेरिकेतल्या शेकडो गावांत या नावाची खरीखुरी संस्था होती. गावातल्या धर्मादाय संस्थांसाठी वर्षातून एकदा एकत्र वर्गणी गोळा करायची आणि ती हिशेबानं वाटून द्यायची, एवढंच तिचं काम. ही पद्धत ज्या शहरात नीट बसवली गेली ते म्हणजे ओहायो राज्यातलं, ईरी सरोवराच्या काठावरचं क्लीव्हलंड.

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातली बरीच शहरं कारखान्यांनी वाढवली, तसंच हेही. सुपीरियर सरोवराकडून बोटीनं लोखंडाचं खनिज यायचं, दक्षिणेकडून रेल्वेनं कोळसा यायचा आणि कायाहोगा नदीच्या काठावर दोन्हींचं पोलाद व्हायचं. रॉकफेलरची स्टँडर्ड ऑइल कंपनी १८७० मध्ये इथेच निघाली. कामाला माणसं हवी होती, ती हंगेरीतून आली, पोलंडमधून आली, स्लोव्हेनिया, बोहेमिया, इटलीतून आली; पुढे अमेरिकेच्या दक्षिणेकडून कृष्णवर्णीय कुटुंबं आली. १९२० च्या जनगणनेत क्लीव्हलंड देशातलं पाचव्या क्रमांकाचं शहर होतं, वस्ती जवळपास आठ लाख. प्रत्येक समाजाचं आपलं चर्च किंवा सिनेगॉग, आपली शाळा, कामगार मेला तर त्याच्या बायकोला चार पैसे देणारी आपली मंडळी. त्यावर पुन्हा अनाथाश्रम, दवाखाने, वृद्धाश्रम, पाळणाघरं. सरकारी मदत जवळपास नव्हतीच. सगळं चालायचं ते मागून आणलेल्या पैशावर.

आपल्याकडे एका गल्लीत पाच मंडळं असली की पाच पावतीपुस्तकं दारात येतात आणि सहाव्याला आपण ‘साहेब घरी नाहीत’ असं सांगतो. क्लीव्हलंडच्या युक्लिड ॲव्हेन्यूवरच्या धनिकांचं हेच झालं होतं. मागणारे पुष्कळ, त्यातले खरे कोण आणि नुसते पावतीपुस्तकवाले कोण हे कळायला मार्ग नाही. देणारे तेच तेच मूठभर. बाकी शहर हात झटकून मोकळं. तिथल्या व्यापाऱ्यांच्या संघटनेनं १९०० मध्ये एक समिती नेमली, तिनं संस्थांची कागदपत्रं तपासायची आणि चांगल्या संस्थांना शिफारस द्यायची. तीन वर्षांनी शहरातल्या ज्यू समाजानं आपल्या संस्थांसाठी एकच वर्गणी सुरू केली आणि ती चालते असं दाखवून दिलं. मग १९१३ मध्ये पन्नासहून अधिक संस्था एका महासंघाखाली आल्या. एकत्र वर्गणीचे प्रयोग याआधी डेन्व्हरमध्येही झाले होते, पण देणारे, घेणारे आणि शहरातले जाणकार अशा तिघांनाही एका टेबलाशी बसवणारी रचना इथली.

या रचनेला जोड मिळाली ती वर्गणीच्या मोहिमेची. पहिल्या महायुद्धात युद्धनिधी गोळा करता करता शहरांच्या अंगवळणी एक तंत्र पडलं. मुदत ठरलेली, आठ-दहा दिवसांची. आकडा आधीच जाहीर. शहराचे भाग पाडायचे, प्रत्येक भागाला एक पथक, पथकाला कप्तान. रोज दुपारी सगळे कप्तान एकत्र जेवायला बसणार आणि आपापला आकडा सगळ्यांसमोर उठून सांगणार. ज्याचा आकडा लहान त्याला त्या दिवशी जेवण गोड लागत नसणार. चौकात भल्यामोठ्या थर्मामीटरचं चित्र, त्यातला लाल पारा रोज वर सरकणार. आज कुठल्याही निधीसंकलनात दिसणारी ही सगळी साधनं याच काळात मध्यमवर्गाच्या सवयीची झाली. १९१९ मध्ये अमेरिकेत अशा ३९ ‘कम्युनिटी चेस्ट’ संस्था होत्या. दहा वर्षांत त्या ३५३ झाल्या आणि १९४८ पर्यंत हजारावर गेल्या. आजची ‘युनायटेड वे’ ही संस्था याच घराण्यातली.

याच शहरात एक बँकर होता, फ्रेडरिक गॉफ. क्लीव्हलंड ट्रस्ट कंपनीचा अध्यक्ष, मूळचा वकील, त्यामुळे श्रीमंतांची मृत्युपत्रं त्याच्या नजरेखालून जायची. त्याचं दुखणं वेगळंच होतं. माणूस मरताना पैसे ठेवून जातो, पण कशासाठी ठेवून जातो? सेंट लुइसचा एक महापौर, ब्रायन मुलनफी, १८५१ मध्ये वारला. मिळकतीचा तिसरा हिस्सा त्यानं त्या शहरातून पश्चिमेकडे वस्तीला जाणाऱ्या गरीब प्रवाशांसाठी ठेवला. बैलगाड्यांचे तांडे जात होते तोवर ठीक. मग रेल्वे आली, तांडे थांबले, आणि पैसा मात्र मृत्युपत्रातल्या शब्दांत अडकून व्याज खात बसला. ते शब्द बदलायला कोर्टाची पायरी चढावी लागते. मेलेल्या माणसाच्या मुठीत सापडलेला असा पैसा अनेक शहरांत होता.

गॉफनं २ जानेवारी १९१४ रोजी क्लीव्हलंड फाउंडेशनची स्थापना केली. कल्पना सोपी वाटते, पण तोवर कुणाला सुचली नव्हती. मृत्युपत्रात रक्कम फाउंडेशनच्या नावे करायची. मुद्दल बँक सांभाळणार. व्याज कुठे खर्च करायचं ते ठरवायला वेगळी समिती, आणि त्या समितीवरची माणसं एकट्या बँकेनं नेमायची नाहीत, महापौर आणि न्यायाधीशांनीही नेमायची. देणाऱ्यानं सांगितलेलं काम कालबाह्य झालं तर समितीनं पैसा दुसरीकडे वळवायचा. या जातीची ही जगातली पहिली संस्था. आज अशी प्रतिष्ठानं जगभर हजाराहून जास्त आहेत. १९९० च्या सुमारास मुंबईत निघालेली बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्टही त्याच कुळातली.

गंमत अशी, की सुरुवातीची बरीच वर्षं फाउंडेशनकडे वाटायला पैसेच नव्हते, कारण मृत्युपत्रं करणारे ठणठणीत होते. रिकाम्या हाती बसण्यापेक्षा गॉफनं शहराच्या तपासण्या हाती घेतल्या. पहिल्यांदा गरिबांना मिळणाऱ्या मदतीची, मग शाळांची. १९२० मध्ये शहराच्या न्यायालयाचा मुख्य न्यायाधीशच एका खुनाच्या प्रकरणात अडकला, तेव्हा फाउंडेशननं हार्वर्डमधून रॉस्को पाउंड आणि फेलिक्स फ्रँकफर्टर हे कायदेपंडित बोलावले आणि पोलीस, वकील, कोर्ट, तुरुंग या सगळ्या यंत्रणेचा पंचनामा करून तो १९२२ मध्ये छापला. दानधर्माच्या संस्थेनं शहराच्या फाटक्या जागा चारचौघांत दाखवायच्या, हे पैसे वाटण्यापेक्षा मोठं काम होतं असं मला वाटतं.

पण या सगळ्या नीटनेटकेपणाची किंमतही होती. वर्गणी एका खिडकीवर आली तशी खिडकीमागच्या माणसांची पसंती आली. ज्या कामावरून वाद होईल, ज्यानं मोठा वर्गणीदार रुसेल, त्याला पैसे देताना समितीचा हात आखडतो. मुलांचा दवाखाना नेहमीच कामगार वस्तीतल्या चळवळीच्या पुढे. पुढे वर्गणी पगारातून कापून घ्यायची सोय झाली आणि फोरमन कार्ड घेऊन उभा राहिला की ‘नाही’ म्हणायची कामगाराची प्राज्ञा उरली नाही. शिवाय पूर्वी जी बाई स्वतः टोपली घेऊन आजाऱ्याच्या घरी जायची, ती आता कार्डं भरून घ्यायला जाऊ लागली. पैसा एका पेटीत घालता येतो, वेळ घालता येत नाही; आणि क्लीव्हलंडची गोष्ट फक्त पेटीची म्हणून सांगितली तर अर्धीच होईल.

बायकांचा उल्लेख आलाच आहे. दारूबंदीसाठी लढणारी वुमन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन ही बायकांची देशव्यापी संघटना नोव्हेंबर १८७४ मध्ये क्लीव्हलंडमध्येच स्थापन झाली. मतदानाचा हक्क नसलेल्या बायका सभा चालवत होत्या, ठराव करत होत्या, जमाखर्च लिहीत होत्या. मराठी वाचकाला या जगाची पहिली तपशीलवार ओळख पंडिता रमाबाईंनी करून दिली. १८८६ ते १८८८ अशी जवळजवळ तीन वर्षं त्या अमेरिकेत होत्या, या संघटनेशी त्यांचा जवळचा संबंध आला आणि १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे त्यांचं पुस्तक निघालं. धर्मादाय संस्था आणि बायकांच्या सभा यांना त्यात भरपूर जागा आहे. बाईंनी ते नुसतं पाहिलं नाही, वापरलं. बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन निघाली, गावोगाव तिची मंडळं झाली, आणि सभासदानं वर्षाला किमान एक डॉलर असं दहा वर्षं द्यायचं ठरलं. मार्च १८८९ मध्ये मुंबईत उघडलेलं शारदा सदन या डॉलर-डॉलरच्या वर्गणीवर उभं राहिलं. आपल्याकडे रमाबाईंबद्दल बोलताना धर्मांतराचा वाद इतका पुढे येतो, की निधी उभारणीतलं त्यांचं हे कसब बाजूलाच राहतं.

आता हातानं होणाऱ्या कामाकडे. ओबर्लिन कॉलेजातून नुकतं शिकून बाहेर पडलेलं रसेल आणि रोवेना जेलिफ हे गोरं जोडपं १९१५ मध्ये क्लीव्हलंडच्या एका गरीब मिश्र वस्तीत राहायला आलं. शिकवायला येऊन संध्याकाळी परत जायचं नाही, तिथेच राहायचं, असा त्या काळच्या सेटलमेंट चळवळीचा दंडक. शिकागोत जेन ॲडम्सनी १८८९ मध्ये हल हाउस काढलं ते याच धर्तीवर. वस्ती हळूहळू बहुतांशी कृष्णवर्णीय झाली तशी शेजारच्या इतर संस्थांनी काढता पाय घेतला किंवा दारं मिटली. जेलिफांनी मिटली नाहीत. मुलं नाटकं करत होती, त्यात काळी-गोरी दोन्ही एकत्र, आणि त्या नाटकांतून १९२० च्या दशकात मोठ्यांची नाटकमंडळी उभी राहिली. शाळकरी लँग्स्टन ह्यूज, पुढचा प्रसिद्ध कवी, तिथे यायचा. नंतर त्याची नाटकंही इथे झाली. १९३९ मध्ये आगीत थिएटर जळालं, दहा वर्षांनी नवी इमारत झाली. कारामू हाउस या नावानं ही संस्था आज देशातल्या सर्वांत जुन्या कृष्णवर्णीय रंगभूमींपैकी एक गणली जाते. शहरातल्या वांशिक फाळणीला तिनं उत्तर दिलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. १९६६ च्या जुलैमध्ये जवळच्याच हफ भागात दंगल पेटली आणि चार माणसं गेली. पुढच्याच वर्षी मात्र शहरानं कार्ल स्टोक्सना महापौर म्हणून निवडून दिलं. अमेरिकेतल्या मोठ्या शहराचे ते पहिले कृष्णवर्णीय महापौर. प्रचाराला दारोदार फिरणारे बहुतेक स्वयंसेवकच होते.

वर्गणीच्या या शहराच्या अगदी शेजारी, दक्षिणेला साठेक किलोमीटरवर ॲक्रन नावाचं रबरी टायरांचं गाव आहे. तिथे १९३५ मध्ये जे सुरू झालं त्यानं पैशाचा हिशेब पार उलटा मांडला. न्यूयॉर्कचा बिल विल्सन धंद्याच्या कामासाठी आला होता. काम फिसकटलं, हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. दारू सोडून काहीच महिने झाले होते. त्यानं टेलिफोन उचलला, चर्चच्या यादीतल्या पाद्रींना फोन करत सुटला: मला बोलायला एक दारुडा गाठून द्या. गाठ पडली ती गावातल्याच एका शल्यविशारदाशी, डॉक्टर बॉब स्मिथशी. एका पिणाऱ्यानं दुसऱ्याशी बोलत बसायचं, उपदेश नाही, औषध नाही. डॉक्टरांनी शेवटचा पेला घेतला तो १० जून १९३५ रोजी, आणि तोच अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा स्थापना दिवस धरतात.

हे नाव लावणारा पहिला गट मात्र क्लीव्हलंडचा, मे १९३९ मधला. त्या शरद ऋतूत तिथल्या ‘प्लेन डीलर’ या दैनिकानं त्यांच्यावर लेखमाला छापली आणि चौकशांचा पूर आला. जुने सभासद मूठभर, नवे शेकड्यांनी. मग जो तीन आठवडे कोरडा आहे त्यानं आज आलेल्याचा हात धरायचा, अशी वेळ आली, आणि त्यातूनच प्रत्येक नव्या माणसामागे एक जुना माणूस लावायची ‘स्पॉन्सर’ पद्धत पक्की झाली. धाकट्या रॉकफेलरांनी मोठी देणगी द्यायचं नाकारलं, पैशानं तुमचं काम बिघडेल म्हणाले. तेव्हा सभासदांना वाईट वाटलं असेल, पण पुढे त्यांनी नियमच केला: बाहेरून एक पैसा घ्यायचा नाही. सभेत टोपी फिरते, ज्याला जमेल त्यानं टाकावं, त्यात जागेचं भाडं आणि कॉफी सुटते. एक महिना, तीन महिने, एक वर्ष न पिता गेलं की हातात एक नाणं ठेवतात. बाजारात त्याची किंमत काही नाही. तोंडी हिशेबावर चालणारी ही खूण आता आपल्याकडेही ओळखीची झाली आहे. १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगणात व्यसनमुक्तीचे वाढदिवस साजरे होतात, त्यामागे हीच परंपरा आहे.

क्लीव्हलंडमधलं सामूहिक आयुष्य जवळून पाहायचं तर ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी जावं. हा काळ काय असतो ते वसईच्या वाचकांना सांगायला नको. शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे चालतात, म्हणून चर्चच्या तळघरात संध्याकाळी ‘फिश फ्राय’ मांडतात. मैद्याच्या जाड पारीत बटाटा आणि चीजचं सारण भरून कडा चिमटलेल्या पिएरोगी, परतलेल्या कांद्यात लोळवलेल्या. कॉड नाहीतर सरोवरातला पर्च, पिठात बुडवून तळलेला. कोबीचं सॅलड, ब्रेड, कागदी ताट. पिएरोगी चिमटायला आजीबाई असतात आणि पारी जाड झाली तर त्या नव्या मुलीला बोलून दाखवतात. तळणीवर पुरुष, ताटं उचलायला शाळेतली पोरं, दाराशी रोकड मोजायला असा एक सेवानिवृत्त माणूस, की ज्याच्या हिशेबावर कुणी शंका घेत नाही. येणाऱ्यांत कॅथलिक असतात तसे नसलेलेही. जमलेल्या पैशातून छताची डागडुजी आणि हिवाळ्यातलं गॅसचं बिल निघतं. मोहिमेच्या कुठल्याही तक्त्यात न बसणारं हे काम, पण वस्तीतली निम्मी माणसं एकमेकांना ओळखतात ती या तळणीमुळे.

हे सगळं आटत चाललंय, हेही खरं. १९५० मध्ये शहराची वस्ती ९ लाख १४ हजार होती, २०२० मध्ये ३ लाख ७२ हजार. पोलाद गेलं, माणसं उपनगरांत गेली. वर्गणी पगारातून कापली जायची, ते पगारच गेले. अमेरिकेतली एकत्र येण्याची सवय कशी मोडत गेली हे ‘बोलिंग अलोन’ या २००० सालच्या पुस्तकात मांडणारा रॉबर्ट पटनम याच सरोवराकाठचा, क्लीव्हलंडच्या पश्चिमेला असलेल्या पोर्ट क्लिंटनमध्ये वाढलेला. त्याचं म्हणणं, बोलिंग खेळणारे वाढले, पण संघ करून खेळणारे घटले. त्याचा निष्कर्ष पटतो, तरी २००९-१० मध्ये जे झालं तेही जमेला धरायला हवं. धर्मप्रांतानं माणसं आणि पैसा नाही म्हणून क्लीव्हलंड परिसरातली पन्नासेक चर्चं बंद करायचं ठरवलं. त्यातलं पोलिश लोकांचं सेंट कॅसिमिर कुलूपबंद झालं, तर तिथले लोक रविवारमागून रविवार बाहेर पदपथावर उभे राहून प्रार्थना करू लागले, क्लीव्हलंडच्या हिवाळ्यातसुद्धा. दुसरीकडे रोमकडे अर्ज गेले. २०१२ मध्ये व्हॅटिकननं तेरा चर्चांच्या बाबतीत निर्णय फिरवला आणि जुलैत सेंट कॅसिमिर उघडलं. पाद्री नव्हता, इमारत नव्हती, निधी नव्हता; जवळपास तीन वर्षं मंडळी टिकली ती निव्वळ हजेरीवर.

रॉकफेलर पार्कमध्ये एका ओढ्याच्या कडेनं सांस्कृतिक बागांची रांग आहे. १९१६ मध्ये शेक्सपिअरच्या नावानं पहिली बाग झाली, दहा वर्षांनी ज्यू समाजाची, आणि मग एकेक समाज आपला कवी, आपला संत, आपली झाडं घेऊन येत गेला. आज तीसहून अधिक बागा आहेत. भारतीय बागेत गांधीजींचा पुतळा आहे, अल्बेनियन बागेत मदर तेरेसांचा. १९४६ पासून दरवर्षी इथे ‘वन वर्ल्ड डे’ भरतो. सगळे आपापले झेंडे घेऊन मिरवणूक काढतात आणि त्याच दिवशी नव्यानं नागरिकत्व मिळणारी माणसं तिथेच शपथ घेतात. साठ-सत्तरच्या दशकांत यातल्या बऱ्याच बागा उजाड झाल्या होत्या, काही पुतळे चोरीला गेले, काही फोडले गेले, कारण ज्यांच्या बागा ते दूर उपनगरांत राहायला गेले होते. नंतर नातवंडं परत आली, शिवाय सीरियन, व्हिएतनामी असे नवे समाज रांगेत उभे राहिले. बागेसाठी जमीन शहराची. पुतळा, झाडं आणि पुढची निगा ज्याची त्यानं बघायची, आणि त्यासाठी वर्गणीही ज्याची त्यानंच काढायची.